अंगठ्याखालचा कण

अंगठ्याखाली काहीतरी होतं. खोडरबराचा कण असणार — स्पर्शिका दोनदा चुकली, दोनदा खोडली, त्यातलाच एखादा कागदाला चिकटून राहिलेला. जेबाने अंगठा त्याच्यावरून हलकेच पुढे नेला, परत आणला. खाली बघितलं नाही. अब्बा हाडं बसवतात, पण कुणाचा हात तपासताना बघतच नाहीत. मान वळवून खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे तोंड करून बसतात, आणि आलेल्या माणसाला वाटतं, याचं आपल्याकडे लक्षच नाही. डोळ्यांना जे पाहिजे असतं तेच डोळे बघतात, बोटांना तसं काही पाहिजे नसतं, असं त्यांचं म्हणणं. कण होता. एका कडेला टोकदार. वाळूच्या दाण्याएवढा…

तिने अंगठा उचलला, चटका बसल्यासारखा.

काल नव्हता. काल आकांक्षाच्या मनगटापासून चार बोटं वर, कातडीच्या आत, तिच्या अंगठ्याखाली काहीही — नव्हतंच.

पूर्वपरीक्षेचा भूमितीचा पेपर, दहावी ब, आणि पुढच्या बाकावर आकांक्षाची जागा रिकामी. हे साहजिकच आहे, जेबाने स्वतःला तिसऱ्यांदा समजावलं. उजवा हात बांधलेला, मग येऊन करणार काय, बघत बसणार? मोच आली, मनगट मुरगळलं, की दोन दिवस आराम लागतोच. पण ही तीच आकांक्षा, जी मलेरियाच्या तापात तोंडी परीक्षेला आली होती आणि बाईंसमोर दात वाजत असताना चौदापर्यंतचे पाढे म्हणून गेली होती… ती निदान येऊन दारात उभी राहिली असती, बांधलेला हात राजदंडासारखा मिरवत, आणि सगळ्यांना सांगितलं असतं, आमच्या डॉक्टरणीनं बांधला. येणारच होती. तसं ठरलंच होतं.

दिवाळीपासून जेबा बदलली होती, आणि हे सगळ्यात आधी तिचं तिलाच कळलं होतं. बुधाजींचा खांदा निखळून आला त्या दिवसापासून. सत्तरीचे बुधाजी, बैलाने ढकललेले, ओट्यावर बसून सगळ्या गल्लीचा उद्धार करत होते, अब्बांनी त्यांच्या बगलेत पाय रोवला आणि हात धरायला म्हणून जेबाला पुढे केलं — धर, ओढ, सोडू नको, आता फिरव. आणि टक्. तो आवाज कानांनी ऐकलाच नाही, तो तिच्या कोपरापर्यंत चढत आला होता. बुधाजींनी शिवी अर्ध्यावर सोडली. मग म्हणाले, हाव, बसला खरा. इनायत, पोरगी तुह्याहून भारी निंघन. तेव्हापासून मी रस्त्याच्या कडेने चालणं सोडलं, मधून चालते. वर्गात उत्तर येत नसलं तरी हात वर करते. आणि एका संध्याकाळी जेवताना सांगूनच टाकलं, दहावीनंतर अमरावती, सायन्स, मग हाडांची डॉक्टर. अम्मी हसली. अब्बा नाही म्हणाले नाहीत. आमच्या घरात नाही न म्हणणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं.

घड्याळात अकरा वीस. दोन प्रश्न राहिलेत. कंपासपेटीत आकांक्षाचा कंपास पडलेला, कालपासून.

काल विज्ञानाचा पेपर सुटल्यावर दोघी लेण्यांवर गेल्या होत्या, घरी न सांगता. पातूरला राहून लेण्यांवर जायला काय सांगायचं, पण आकांक्षाच्या आईला, आशाबाई काकूंना, ते चालत नाही, पोरींनी एकट्यानं तिकडे जायचं नाही. आकांक्षा वरच्या कातळावर उभी राहून बेबीताई मॅडमची नक्कल करत होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पदर खांद्यावर, आणि पाय सटकला. पडली तसा हात पुढे केला तिने. घसरणारा माणूस हात पुढे करतोच… उठली तेव्हा हसत होती. मग हसू थांबलं आणि उजवा हात डाव्या हाताने धरून ती जेबाकडे बघत राहिली.

"काहीबी म्हण, पण मोडला म्हणू नको," ती म्हणाली. "मार्चमध्ये बोर्ड आहे वं."

आणि जेबाने मान वळवली — अगदी अब्बांसारखी — लेण्यांच्या काळ्या तोंडाकडे बघत अंगठा मनगटावरून वर नेला. हळू. हाडाच्या कडेकडेने. तिथे, चार बोटांवर… काही नव्हतं. सूज होती, गरम होतं, आकांक्षाने श्वास आत ओढला होता. बस. मोच आहे, जेबा म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून निघताना इतका ठाम निघाला की तिचं तिलाच कौतुक वाटलं.

अब्बा अकोल्याला गेले होते, नसीमबानो फूफीचं डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून, चार दिवसांसाठी. ओसरी रिकामी. अम्मी आत शेवया वळत होती, आणि ओसरीवर कुणी आलं-गेलं तरी ती बाहेर डोकावत नाही. कोनाड्यात बांबूच्या कामट्या, तिनेच काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलेल्या, बोट फिरवलं तर कुसळ लागणार नाही अशा. चार निवडल्या. आशाबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या — कापड ज्याच्या-त्याच्या घरचंच लागतं, आकांक्षाच पळत जाऊन घेऊन आली, डाव्या हातात. अंड्याचा पांढरा बलक आणि उडदाचं पीठ. पट्टी वाळली की दगडासारखी होते, आणि वाळताना आवळते. किती सुरेख बांधली होती मी, एकावर एक, विणल्यासारखी. मग अब्बांच्या आवाजात मी म्हणाले, कोणी सोडायची नाही. ज्याच्या हातानं बांधली त्याच्याच हातानं सुटते.

साडेपाच वाजले होते. मशिदीतल्या बांगेची वेळ नव्हती झाली अजून.

वर्गात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दारात आशाबाई काकू उभ्या होत्या, पायात चपला नाहीत, पदर डोक्यावरून नुसता ओढलेला. त्या बेबीताई मॅडमशी खालच्या आवाजात काही बोलल्या. मॅडमनी चष्म्यावरून वर्गात बघितलं, नेमकं जेबाकडे.

व्हरांड्यात काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं की पोरगी रात्रभर झोपली नाही, हात जड झाला म्हणते, बोटं फुगलीत. पहाटेपासून तर दुखतही नाही म्हणते, मुंग्या येतात नुसत्या, म्हणून घरच्यांना वाटलं उतार पडला. त्यांनी स्वतः सोडायला घेतली होती पट्टी, तर आकांक्षाच्या वडिलांनी, नत्थुजींनी, हात धरला. इनायतभाऊच्या घरची रीत आहे, म्हणाले, बांधणाऱ्याच्या हाताशिवाय सोडू नये, हाड फितूर होते, जागा सोडते. आणि आकांक्षाही कुणाला हात लावू देईना. जेबा येईन म्हणे.

"आमी सकायपासून तुही वाट पाहून राहिलो, पोरी," काकू म्हणाल्या. "तू काहून नाई आली?"

काहून नाई आली.

ती चालत होती, जवळजवळ पळत, काकू मागे पडत होत्या, आणि डोक्यात कुठूनतरी अब्बांचं ते वाक्य आपोआप पूर्ण होत होतं, इतके दिवस पाठ असूनही जे तिला कालपासून अर्धंच आठवत होतं — ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, *और चिराग लगने से पहले जाके नाखून देखना.* दिवे लागायच्या आत परत जायचं. नख दाबायचं, पांढरं होतं. सोडायचं, गुलाबी परत आलं पाहिजे. नाही आलं तर तिथल्या तिथे सैल करायचं. अब्बा जातात. कुणी कितीही लांबचा असो, सायकल काढून जातात, बांधून आले त्याच संध्याकाळी. ती रीत हाडासाठी नव्हतीच. जो बांधतो त्याला परत यायला लागावं म्हणून होती… आणि काल दिवे लागले तेव्हा मी काय करत होते? आरशासमोर उभी होते. अब्बांना कसं सांगायचं त्याचा सराव करत होते. अब्बा, एक मोच आई थी, मैंने देख ली. देख ली. दोन-तीन तऱ्हांनी म्हणून बघितलं.

श्रावणकाका आठवले, का कोण जाणे. कपाशीवर लाल्या रोग येऊन पीक गेलं त्या वर्षी त्यांना बाजेवर घालून आणलं होतं. विहिरीत घसरून पडले, असं घरचे सांगत होते. अब्बांनी मान वळवून दोन्ही टाचा चाचपल्या. बराच वेळ. मग कसे पडलात, हे विचारलंच नाही. अकोल्याला न्या, म्हणाले, हाडांचा फोटो काढा, आणि महिनाभर याला एकटं सोडू नका — औषधासारखं सांगितलं, दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळीसारखं. मी नंतर विचारलं तर म्हणाले, घसरणारा हात पुढे करतो. टाचा त्याच्या मोडतात, जो पाय खाली करून उतरतो. एवढंच. तेव्हा मला वाटलं होतं, केवढी ही विद्या, बोटांनी माणसाच्या मनातलं कळतं. मला ती पाहिजे होती. सगळी, आणि लगेच.

आकांक्षा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर. "आली वं डॉक्टरीण," म्हणाली, पण ओठ कोरडे होते. नत्थुजी काका उठून उभे राहिले, जेबाला जागा करून दिली, पोरीसारखी नाही — मोठ्या माणसासारखी.

पट्टीच्या टोकाला बोटं. आपली नाहीतच अशी. तुकतुकीत, फुगलेली, नखांच्या मुळाशी निळसर. तिने मधल्या बोटाचं नख दाबलं. सोडलं. पांढरं झालं. पांढरं राहिलं. एक, दोन, तीन, चार… काही तरी आलं, गुलाबी म्हणता येणार नाही असं.

बोटं सरळ करते, लागलं तर सांग, ती म्हणाली, आणि बोटाचं टोक जरासं मागे वाकवताच आकांक्षा ओरडली — कोपरापर्यंत वीज गेल्यासारखी. दुखत नाही म्हणत होती, ते असं.

पट्टी सोडायची तर कोमट पाण्याने भिजवायची असते, अर्धा तास, थराथराने, बांधली तशीच उलटी. लोखंड लावायचं नाही. काकूंनी पाणी तापवून ठेवलंही होतं. वाफ येत होती. अर्धा तास.

"काकू, कैची द्या."

नत्थुजी काका म्हणाले, "कैची?"

"कैची द्या, काकू."

लुगड्याच्या पट्ट्या करकरत कापल्या गेल्या, एक, दोन, पाचवी, नववी, किती गुंडाळल्या होत्या मी. आणि कामट्या सुटून उशीवर पडल्या, तिने तासलेल्या, गुळगुळीत. हातावर त्यांचे चार खोल पाट उमटलेले. हात सुटला तरी सैल पडला नाही. तिने कोपराखाली बोट टेकवलं — मांस नव्हतं ते, भरून बांधलेल्या कापसाच्या गाठोड्यासारखं काहीतरी कडक होतं. नख पुन्हा दाबलं. तीन. बरं आहे का तीन? चारपेक्षा बरं आहे. घड्याळ बघितलं, का ते न कळता: बाराला दहा.

"अकोल्याले न्या लागते," ती म्हणाली. "आत्ताच. मी अब्बाले फोन लावतो."

आपण वऱ्हाडी बोललो हे तिच्या लक्षात आलं. शाळेत गेल्यापासून ती काकूंशी पुस्तकातलं बोलायची, ऐटीत.

जीपमध्ये तिने तो हात मांडीवर धरला होता, दोन्ही तळव्यांवर, पाणी सांडू नये तसा. बाहेर उपटून टाकलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचे ढीग मागे जात होते. नत्थुजी काका पुढे बसून प्रत्येक खड्ड्याला मागे वळून बघत होते. मी नख दाबत होते आणि बाहेर बघत होते, आणि न बघता मोजता येत नाही म्हणून परत बघत होते. आकांक्षाने डोळे मिटून विचारलं, भूमितीला सोपं होतं का. तिसरा प्रश्न तुझाच होता, जेबा म्हणाली, स्पर्शिकेचा. मग तुले नसन आला, आकांक्षा म्हणाली. दोघी हसल्या असत्या, एरवी.

अब्बा दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे होते, फूफीच्या घरून तसेच आलेले. त्यांनी जेबाकडे बघितलं नाही. आकांक्षाचा हात बघितला, तोही डोळ्यांनी, बोट लावलं नाही, आणि नत्थुजींच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्याबरोबर आत गेले.

फोटो उजेडाच्या काचेवर लावला होता. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. एका हाडाला आरपार भेग होती, मनगटापासून चार बोटं वर. हाड जागचं हललेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हाडाची चिंता नाही, हाड जुळेल. चिंता मांसाची आहे. आत सूज आली, वरून घट्ट पट्टी, तिला फुगायला जागा नाही. मग ती रक्ताची वाट दाबते. आता चीर देऊन वाट मोकळी करून द्यावी लागेल, लगेच. मग त्यांनी पेन काढलं.

"पट्टी कोणी बांधली होती?"

नत्थुजी काका आधी बोलले. "आमीच. घरीच बांधली, मॅडम."

"माझ्या हातची आहे," अब्बा म्हणाले, त्याच वेळी.

मॅडमनी दोघांकडे बघितलं. किती वाजता, त्यांनी विचारलं. अब्बा म्हणाले, सकाळी. नत्थुजी म्हणाले, रात्री. दोघे एकमेकांकडे बघून थांबले. दोन मोठी माणसं, एकाची टोपी, एकाचा रुमाल, खोटं बोलायची सवय नसलेली — आणि ते दोन्ही खोट्याचे तुकडे एकमेकांना जुळेनात. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"चूक कोणाची ते मला नकोच आहे. हात किती तास दाबलेला होता, एवढंच सांगा. त्यावरून ठरतं."

आशाबाई काकूंनी जेबाकडे बघितलं नाही, आणि त्या बघत नाहीत हे जेबाला लख्ख दिसलं. कुणीच बघत नव्हतं. सगळ्यांनी मिळून तिच्याभोवती जागा मोकळी सोडली होती, आणि त्या जागेत उभं राहून गप्प बसता आलं असतं. सहज. नेमकी वेळ तेवढी तिला एकटीलाच ठाऊक होती.

"काल संध्याकाळी साडेपाचला," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली. "साडेपाचला. मी बांधली. आज बाराला दहा कमी असताना कापली."

अठरा तास वीस मिनिटं, मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या. नत्थुजींनी विचारलं, लिहिता येईन का तिले, आणि त्यांनी सांगितलं की आत्ता सांगता येत नाही, उद्या-परवा बोटं काय म्हणतात ते बघू.

स्ट्रेचरवरून आत नेताना आकांक्षाने डाव्या हाताने जेबाची ओढणी धरली. "तुह्यावर काई नाई," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं मोडला म्हणू नको. मले आठोते." दार मिटलं.

खरं होतं ते. तिनेच म्हटलं होतं. जेबाने ते वाक्य छातीशी धरलं, दोन्ही हातांनी, बाकावर बसून. त्याच्यात ऊब होती. सुजलेल्या हातावर भेग कळत नाही, फोटोशिवाय डॉक्टरलाही कळत नाही, हाड हललेलंही नव्हतं, मग पंधरा वर्षांच्या मुलीच्या अंगठ्याला… आणि परत जायचं राहिलं ती चूक, ती कबूल, ती माझी. पण ओळखण्यात चूक नव्हती. जे नव्हतं लागलं ते नव्हतंच लागलं. चूक विसरण्याची होती, ओळखण्याची नव्हती. एवढं तरी माझं राहू द्या.

अब्बा येऊन शेजारी बसले. समोरच्या खिडकीबाहेर बघत होते. तिथे झाड नव्हतं, नुसती उभी केलेली मोटरसायकल. मग हळूच, जखम बघताना विचारतात त्या आवाजात, रागाचा लवलेश नसलेल्या, ते म्हणाले,

"मोच थी, तो कामटी क्यों लगाई?"

तिने तोंड उघडलं. मोचेला तेल. मोचेला गरम कापड, गळ्यात झोळी, बस. कामटी मोडलेल्या हाडाला, तीही फोटो बघितल्यावर. हे तिला चौथीत असल्यापासून माहीत होतं. सावधगिरी म्हणून, ती म्हणणार होती. छान दिसते म्हणून. तुमच्यासारखी दिसावी म्हणून… अब्बा उत्तरासाठी थांबले नाहीत. उठून नत्थुजींकडे गेले, त्यांच्यासाठी चहा सांगितला, त्यांच्या शेजारी बसून राहिले.

जेबाने डावा हात मांडीवर ठेवला. मान वळवली. मोटरसायकलीच्या आरशात आभाळाचा तुकडा होता, त्याच्याकडे बघत तिने उजवा अंगठा मनगटावरून वर नेला, हाडाच्या कडेकडेने, हळू. तिचं हाड सरळ होतं, सलग, साबणासारखं. एक बोट. दोन बोटं. तीन. चौथ्यावर अंगठा अडला. तिथे काहीच नव्हतं, आणि तो अडला — एका कडेला टोकदार, वाळूच्या दाण्याएवढा, जसा काल लेण्यांच्या काळ्या तोंडाकडे बघताना अडला होता, आणि तिने तो उचलून पुढे ठेवला होता. इतक्या चटकन की आकांक्षाला कळलं नव्हतं. तिला स्वतःलाही नाही. हातांना तेवढं कळलं होतं. त्यांनी घरी येऊन निमूट कोनाड्यातल्या चार कामट्या निवडल्या.

आतून दाराची कडी वाजली. सगळे उठले. जेबाने मान वळवली नाही, अंगठाही काढला नाही.